मानसिक आजारासाठी परीक्षेत सवलत हवी आहे, कागदपत्रं कुठून सुरू करू? (पुणे)

तळमजला_सदाशिव:
टी.वाय. बीएस्सीला आहे, कॉलेज विद्यापीठाशी संलग्न. बायपोलरचं (मनःस्थिती टोकाला चढते-उतरते तो आजार) निदान होऊन दोन वर्षं उलटून गेली. लिथियम चालू आहे, रात्री क्वेटिॲपिन. लिथियममुळे बोटं थरथरतात. पेपरचं पहिलं पान बरं जातं, नंतर नंतर माझं अक्षर मलाच लागत नाही. सकाळच्या प्रॅक्टिकलला डोळे ताणून ब्युरेट वाचतो. हजेरी कमी म्हणून टर्म अडता अडता राहिली. डॉक्टरांची चिठ्ठी दिली तर ऑफिसात म्हणाले, "अशी चालत नाही, अपंगत्वाचा दाखला आणा." दाखला काढू का? कुठे मिळतो? घरचे म्हणतात, कशाला कायमचा शिक्का.

बाकावरचा_बाबू:
चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय?

तळमजला_सदाशिव:
एकच ओळ. 'बीपीएडीसाठी उपचार सुरू आहेत.' बीपीएडी म्हणजे बायपोलरच.

बाकावरचा_बाबू:
मग मीही परत पाठवली असती. बरीच वर्षं एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली आहेत. आजाराचं नाव वाचून कारकुनाला काय कळणार? त्याला कळायला हवं की तुझं अडतं कुठे आणि मागतोयस काय. डॉक्टरांना सांग, असं लिहा: कधीपासून उपचार चालू, कोणती औषधं, 'लिथियममुळे हातांना कंप आहे, सलग लिहिताना वेग आणि सुवाच्यता कमी होते, म्हणून तीन तासांच्या पेपरला एक तास वाढवून द्यावा', आणि हे कोणत्या सत्रापर्यंत लागेल. लेटरहेड, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का, तारीख. पत्र मानसोपचारतज्ज्ञाचंच हवं, समुपदेशकाचं सोबत जोड. अर्ज प्राचार्यांच्या नावे, परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाहीस असं धर.

कलमबहाद्दर:
वरचं सगळं बरोबर, पण ऑफिसशी बोलताना पाया पक्का असू दे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यातलाच एक. किमान ४० टक्के अपंगत्वाची अट उच्च शिक्षणातल्या ५ टक्के आरक्षणासारख्या गोष्टींना आहे. सोयीसवलतीला तीच अट लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला 'रायटर्स क्रॅम्प' होता, म्हणजे लिहिताना हात आखडायचा. ४० टक्क्यांचा दाखला नव्हता, तरी लेखनिकाचा हक्क मान्य झाला. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात लेखनिकासाठी किंवा तासाला २० मिनिटं वाढीव वेळेसाठी, लिहिण्यात अडचण असल्याचं सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र लागायचं. तुझा मुद्दा हाताच्या कंपाचा आहे, तेव्हा सध्या लागू असलेल्या सूचना पाहून ठेव. कॉलेजने हात वर केले तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे.

रेवाची_आई:
आम्ही दाखला काढला. अर्ज ऑनलाइन, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, तिथेच यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं ओळखपत्र) होतं. रुग्णालय निवडावं लागतं. ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. मानसिक आजाराची तपासणी कुठल्या वारी असते ते विचारूनच निघ. फाईल जुन्या तारखेपासून लावून ने.

तपासणी 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीने होते. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चारांना प्रत्येकी ० ते ४ गुण. गेल्या दोन वर्षांत किती महिने आजारपणात गेले त्याचे वेगळे. एकूण २० पैकी ७ झाले की ४० टक्क्यांत येता. घरच्यांनाही विचारतात, आणि खरी गंमत तिथे होते. आमच्या सासूबाई सोबत होत्या. रेवाने तीन आठवडे डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर या म्हणतात, "सगळं करते हो स्वतःचं, पुरणपोळीसुद्धा येते." कांदेपोह्यांना बसल्यासारखं! ज्यांना सोबत नेशील त्यांना आदल्या दिवशी बसवून सांग, वाईट दिवसांचंच बोलायचं.

कोथरूडचा_काका:
मुला, माझं ऐकशील तर दाखल्याच्या फंदात पडू नकोस. उद्या नोकरी, लग्न. लोक शंभर प्रश्न विचारतात.

रेवाची_आई:
काका, दाखला कपाळावर चिकटवून फिरायचं नसतं. मानसिक आजारात तो बरेचदा ठरावीक मुदतीचाच देतात, नंतर पुन्हा तपासणी. हवा तिथेच दाखवायचा.

कलमबहाद्दर:
शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचंच आहे, आणि कलम २५ प्रमाणे स्वतःच्या उपचारांच्या नोंदी मागता येतात. जुन्या डॉक्टरांकडून फाईल काढायला ते उपयोगी पडेल. तरी काकांची भीती अगदीच पोकळ नाही. कॉलेजात कागद हातोहात फिरतात. अर्जासोबत बंद लिफाफा दे, वर 'गोपनीय' लिही, आणि वर्गशिक्षकांना निदान सांगायची गरज नाही, सवलत मंजूर झाल्याचं पत्र पुरे.

तळमजला_सदाशिव:
सगळ्यांचे आभार. शनिवारी ओपीडी आहे, बाबूकाकांचा मजकूर लिहूनच नेतो. दाखल्याचं डॉक्टरांशी बोलून ठरवेन, तोवर पत्रावर अर्ज करतो. सकाळच्या प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळेल का? त्याच अर्जात टाकू?

बाकावरचा_बाबू:
अजिबात नको. बॅच विभागप्रमुखांच्या हातात असते, वाढीव वेळ परीक्षा विभागाकडे जातो, हजेरीचं प्राचार्य बघतात. एका कागदावर तिन्ही कोंबलंस तर तो या टेबलावरून त्या टेबलावर जातो आणि तिन्ही लटकतं. तीन वेगळे अर्ज कर, तिन्हींना डॉक्टरांच्या पत्राची प्रत जोड. आणि पत्रात क्वेटिॲपिनमुळे सकाळी गुंगी राहते हेही लिहून घे, नाहीतर बॅचवाला विचारेल की हात थरथरण्याचा आणि सकाळचा काय संबंध.