फोनवर काहीही कबूल करू नका
नवरा अमेरिकी सैन्यातर्फे परदेशी तैनात आणि वसुलीवाले त्याच्या जुन्या क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी तुमच्या मागे लागलेत, हे वाचून फार वाईट वाटलं. घाबरून पैसे मात्र भरू नका! त्यांची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी पत्राने कर्जाचा पुरावा मागा. तो येईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. ‘कमांडरला कळवू’ ही धमकी तर सरळसरळ बेकायदा, तारीखवेळेसह लिहून ठेवा. कर्ज भरतीआधीचं असेल तर सैनिकांसाठीच्या २००३च्या अमेरिकी कायद्याने सेवाकाळात व्याज ६ टक्क्यांपर्यंतच. त्यासाठी बँकेला लेखी अर्ज आणि सेवेच्या आदेशाची प्रत द्यावी लागते. लष्करी तळावरच्या कायदा-मदत कार्यालयात सल्ला मोफत मिळतो. कोर्टाचा कागद आला असेल तर उद्याच जा, ताई.