प्रतिसाद: दम लागतो म्हणून चालणं सोडू नये

वर एकांनी विचारलंय की फुफ्फुसं सुधारणारच नसतील तर पल्मनरी रिहॅबिलिटेशनचा (फुफ्फुसांच्या रुग्णांसाठी देखरेखीखाली चालणाऱ्या व्यायाम-कार्यक्रमाचा) उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. सीओपीडीत (श्वासमार्ग अरुंद होण्याच्या फुफ्फुसांच्या जुनाट आजारात) स्पायरोमेट्रीचे, म्हणजे जोरात फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजायच्या चाचणीचे, आकडे या व्यायामाने फारसे बदलत नाहीत. बदलतात ते स्नायू.

दम लागतो म्हणून माणूस हालचाल कमी करतो, त्याने पायांचे स्नायू दुबळे होतात, दुबळे स्नायू तेवढ्याच कामाला जास्त श्वास मागतात आणि दम आणखी लवकर लागतो. हे चक्र इनहेलरने तुटत नाही, ते व्यायामानेच तुटतं. (इनहेलर अर्थातच चालू ठेवायचे.) 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था) रिहॅबिलिटेशनच्या 65 चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. दम, थकवा आणि चालण्याची क्षमता या तिन्हींत स्पष्ट सुधारणा दिसली.

हा कार्यक्रम साधारण 6 ते 12 आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा असतो. आधी सहा मिनिटं चालण्याची चाचणी, मग त्यानुसार चालणं, सायकल, हातापायांचे वजनाचे व्यायाम. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायलाही शिकवतात. व्यायामात थोडा दम लागायलाच हवा, हे तर घरच्यांनाही समजावून सांगावं लागतं. काळजीपोटी तेच ‘बसून राहा’ म्हणतात.

आजार बळावून रुग्णालयात राहावं लागलं असेल, तर घरी आल्यावर चार आठवड्यांच्या आत सुरुवात करण्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. आणि कार्यक्रम संपल्यावर चालणं सोडू नका, कमावलेली ताकद काही महिन्यांत ओसरते.