घरोघरी पाण्याचे स्मार्ट मीटर लावण्याआधी

घरोघरी पाण्याचे स्मार्ट मीटर (वापराची नोंद आपोआप दूरवर पाठवणारे) बसवले की शहरातील पाणीगळती आटोक्यात येईल, असे या चर्चेत एका सदस्यांनी म्हटले आहे. त्यात थोडी भर घालतो. घरचा मीटर घरात किती पाणी आले एवढेच सांगतो, रस्त्याखाली मुरलेले पाणी त्याला दिसत नाही. त्यासाठी वस्तीचे स्वतंत्र विभाग पाडून प्रत्येकाच्या मुखाशी प्रवाहमापक लावावा लागतो. पहाटे दोन ते चारच्या सुमारास, बहुतेक नळ बंद असताना, तिथून जे पाणी वाहत राहते त्यातला मोठा भाग गळतीचा असतो. हे गणित चोवीस तास दाब असेल तरच नीट जुळते. दिवसातून तास-दोन तासच पाणी सुटणाऱ्या गावात जलवाहिनीतली हवा आधी बाहेर पडते आणि यांत्रिक मीटर, त्याला दूरसंदेशाची सोय असली तरी, पाण्याआधीच फिरू लागतो. (बिलावरची भांडणे मग ठरलेलीच.)

पाणी वाचवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे सांडपाण्याचा पुनर्वापर. त्यासाठी सिंगापूरचा दाखला नेहमी दिला जातो, पण नागपूर जवळ आहे. तिथल्या भांडेवाडीच्या दररोज १३० दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरवले जाते. यंत्रे थंड ठेवायला पिण्यायोग्य पाणी लागत नाही, त्यामुळे धरणाचे तेवढे पाणी शहरासाठी उरते. माझ्या मते इथली खरी हुशारी संवेदकांत (सेन्सरमध्ये) नसून ग्राहक आधी ठरवण्यात होती. शुद्ध पाणी नेणारी वेगळी वाहिनी आणि ते घेणारा कोणी नसेल, तर उत्तम केंद्राचे पाणीही शेवटी नाल्यातच जाते.