मदत हवी आहे: सहाही पिल्लं साधीच निघाली!

मंडळी, मी खानापूरचा. आपल्याकडचे साप पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, म्हणून मावसभावानं आफ्रिकेतल्या बॉल पायथनची (छोट्या अजगराची) जोडी आणली, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदही केली. (आई म्हणते, पैसे देऊन साप? आपल्या रानात काय कमी हाईत!)

विकणाऱ्यानं सांगितलं होतं, दोघं दिसायला साधे, पण ‘हेट अल्बिनो’. म्हणजे अल्बिनोचं (काळा रंगच नसलेल्या, पांढऱ्या-पिवळ्या सापाचं) एकेक जनुक दोघांत दडलेलं; दोघांकडूनही ते आलं तरच पिल्लू अल्बिनो. यंदा सहा अंडी फुटली, सहाही पिल्लं नेहमीची काळी-तपकिरी. भाऊ म्हणतो, फसवलं. मी बारावीचा मेंडेल आठवून हिशेब मांडला: एक पिल्लू साधं निघायची शक्यता चारात तीन, सहाही साधी निघायची जवळपास १८ टक्के. म्हणजे नुसतं नशीबही असेल.

पण एक शंका जात नाही. लॅव्हेंडर अल्बिनो म्हणून दुसरा एक प्रकार आहे, त्याचं जनुक वेगळं असतं. एकात ते आणि दुसऱ्यात साध्या अल्बिनोचं असेल, तर या जोडीला कितीही पिल्लं झाली तरी अल्बिनो निघणारच नाही, बरोबर ना? खात्री करायला अल्बिनोशीच जोडी लावावी लागेल, की टाकलेल्या कातीवरून जनुक तपासून देणारं कुणी आपल्या बाजूला आहे?