रसवांगी: शब्द आपला की त्यांचा?

कढीपत्ता: चेन्नईत आमच्या शेजारी तंजावरकडच्या एक तमिळ मामी राहतात, त्यांनी परवा वाटीभर भाजी पाठवली, चिंचेच्या कोळात शिजवलेली वांगी, त्यात डाळ, भाजलेल्या खोबऱ्या-धन्याचं वाटण, अफलातून चव. नाव विचारलं तर म्हणे रसवांगी. मी म्हटलं अहो हे तर मराठी, त्या म्हणे छे, आमच्या आजीपासून घरात होते. पण तमिळमध्ये वांग्याला कत्तरिक्काय म्हणतात ना? मग हे वांगी कुठून घुसलं? आणि कोणाला येत असेल तर कृती पण टाका प्लीज.

पाटावरवंटा: मामींचं पण बरोबर आणि तुमचं पण. व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात तंजावरला गेले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी तिथे होती (१७९९ नंतर नुसती नावाला), एवढ्या काळात मुत्सद्दी, कारकून, पुजारी, आचारी अशी किती मराठी माणसं तिकडे जाऊन राहिली, त्यांचे वंशज अजून घरात तंजावरी मराठी बोलतात. दोनेक शब्द स्वयंपाकघरात राहणारच की.

गोदाकाठ: थांबा थांबा. भोसल्यांच्या आधी तंजावरला नायक राजे होते आणि त्यांची भाषा तेलुगू. तेलुगूत वांग्याला वंकाय, वंग पण म्हणतात. मग शब्द तिकडूनच आला नसेल कशावरून? आपल्याला काय, दिसला शब्द की म्हण आपला.

पाटावरवंटा: शंका रास्त आहे. पण शेवटचा ई बघा. एक वांगं, दोन वांगी, हे अनेकवचन मराठीचंच. तेलुगूतून आलं असतं तर मागे 'काय' हा तुकडा लागला असता, गुत्ति वंकाय (तेलुगू भरली वांगी) मध्ये आहे तसा. कर्नाटकातला वांगीभात घ्या, कन्नडमध्ये वांगं म्हणजे बदनेकाई, तरी लोक हॉटेलात वांगीभातच मागतात. म्हणून मी तरी नाव मराठीच धरतो. पदार्थ मराठी असं मात्र म्हणत नाहीये हां, चिंच, सांबाराची डाळ, ओलं खोबरं हा सगळा संसार तिकडचाच.

फिल्टरकॉफी: गंमत म्हणजे तमिळमध्ये वांगी म्हणजे 'विकत घेऊन'. म्हणजे त्यांच्या कानाला रसवांगी म्हणजे रस विकत आणून 😄 आणि वांगं तर त्यांना त्या शब्दात ऐकूच येत नाही, कारण तिकडे कोहळ्याची रसवांगी पण करतात! पूसणिक्काय रसवांगी. वांगं औषधालाही नाही तरी नाव तेच.

गोदाकाठ: कोहळ्याची रसवांगी म्हणजे कमालच. हे ऐकून माझा तेलुगू पक्ष जरा ढिला पडला, कारण तेलुगू माणसाला वंग ऐकू आलं असतं. पण मग त्यांचं पिटलै पण आपलं पिठलंच म्हणणार का? त्यात पिठाचा कण नसतो, कारलं किंवा वांगं आणि डाळ.

पाटावरवंटा: पिटलैबद्दल मी पैज लावणार नाही. डांगर पचडीवर लावतो. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवतात, वर फोडणी, आपल्या डांगराचं सख्खं भावंड.

अहिराणी_खाक्या: आमच्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा, सांगून ठेवतो.

फिल्टरकॉफी: कृती राहिली की. पाव किलो छोटी जांभळी वांगी चिरून लगेच पाण्यात टाका नाहीतर काळी पडतात. तूरडाळ अर्धी वाटी वेगळी मऊ शिजवून घ्या, वेगळीच, चिंचेत डाळ टाकली की ती बसते हट्ट करून, शिजतच नाही. चमचाभर तेलात दोन चमचे धने, एक चमचा हरभराडाळ, चार सुक्या मिरच्या आणि हिंग लालसर परता, शेवटी पाव वाटी ओलं खोबरं टाकून खमंग वास सुटला की गॅस बंद, गार झालं की जाडसर वाटा. वांगी लिंबाएवढ्या चिंचेच्या कोळात हळद-मीठ घालून शिजवायची, आंबटपणामुळे वेळ लागतो पण फोडी मोडत नाहीत, बोटाने दाबून बघा, दबली पण फुटली नाही की झालं. मग डाळ, वाटण, दोन उकळ्या. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी वरून. काही घरांत भिजवलेले हरभरे पण घालतात. सांबारापेक्षा दाट पाहिजे, भातावर ओतायची नाही, कालवायची.

कढीपत्ता: आज करतेच. शेवटचा एक प्रश्न, मराठीत हिला एकवचन धरायचं की अनेकवचन? 'रसवांगी झाली' हे दोन्हीकडे चालून जातं, पण रसवांगी छान झालीये म्हणू की झालीयेत?

पाटावरवंटा: भरली वांगी झालीयेत कारण तिथे वांगी मोजता येतात. इथे पदार्थाचं नाव आहे, आमटीसारखं, तेव्हा झालीये.

अहिराणी_खाक्या: आणि कोहळ्याची केली तर झालीयेत म्हणायची सोयच नाही, एक पण वांगं नाही त्यात 😂