शब्दचर्चा: ‘काढून ठेव’ म्हणजे ठेवायचं की काढायचं?

रात्रपाळी (वागळे इस्टेट, ठाणे): आमचा छोटा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आहे, दहा मशीनची रेंडर फार्म, म्हणजे फिल्मची एकेक फ्रेम (चित्र) तयार करणारे कॉम्प्युटर. रात्री क्यू, म्हणजे कामांची (जॉबची) रांग, बघायला घणसोलीहून एक मुलगा येतो. परवा तातडीचं काम आलं म्हणून निघताना बोर्डावर लिहून गेलो, ‘31 नंबर काढून ठेव, 34 आधी जाऊ दे.’ मला म्हणायचं होतं, 31 नंबरचा जॉब सस्पेंड कर, म्हणजे तात्पुरता थांबव. त्याने 31 डिलीट केला. विचारलं तर म्हणतो, ‘सर, काढलाच ना!’

एक मिनिटाची फिल्म, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 1500. निम्म्याच्या वर झाल्या होत्या. चित्रं डिस्कवर शाबूत, पण कुठल्या झाल्या नि कुठल्या राहिल्या हा हिशेब जॉबबरोबर गेला. काम दहा ठिकाणी वाटलेलं, त्यामुळे मध्येमध्ये भोकं. ‘आधीची फाइल असेल तर ती सोड’ असं सांगून पुन्हा लावला, तर अर्धवट लिहिलेल्या फाइलीही पठ्ठ्या मशीनने सोडून दिल्या. आता मराठीत सूचनांचा कागद करतोय. सस्पेंडला काय लिहू? ‘निलंबित’ लिहिलं तर चौकशी समिती बसेल.

चरईकर: ‘बाबांचं जेवण काढून ठेव’ म्हटलं की आपण ताट झाकून ठेवतो, कचऱ्यात टाकत नाही. सगळं ‘ठेव’ नि ‘टाक’ यांत आहे. मुलाने क्रियापद अर्धंच वाचलं.

स्वभाषा: सरळ ‘स्थगित’. जॉब ‘कार्य’, क्यू ‘पंक्ती’, रेंडर ‘प्रस्तुती’. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी-अरबी शब्दांना पर्याय मिळावेत म्हणूनच ना?

धीमी लोकल: पंक्ती म्हटलं की मला जिलबी दिसते. आणि स्थगित झालेलं आंदोलन पुन्हा सुरू झालेलं मी तरी पाहिलं नाही. ‘तहकूब’ घ्या. कुठल्याही सोसायटीची नोटीस वाचा: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल. विषय तेच, माणसं तीच. तुमचा सस्पेंड हाच.

स्वभाषा: तहकूब आपला नव्हे.

धीमी लोकल: मग सोसायटी नि नोटीस कुणाची? बरं, राहू दे. स्टेशनातला घ्या, ‘साइडिंगला टाकणे’. मेलला वाट द्यायला आमची लोकल दिव्याजवळ उभी करतात. गाडी रद्द नसते, आतली माणसं तशीच घामाघूम.

रात्रपाळी: साइडिंग आवडलं. पण त्यातही दोन प्रकार आहेत. क्यू सांभाळणारं डेडलाइन नावाचं सॉफ्टवेअर आहे (नाव तेच, काय करणार). त्यात एक सस्पेंड चालू फ्रेम जागीच तोडतो. दुसरा चालू फ्रेम पुरी होऊ देतो, नवी मात्र देत नाही. फ्रेमला 40 मिनिटं लागत असतील तर पहिला फार महागात जातो.

आधण: पहिला ‘पानावरून उठवणे’. दुसरा ‘हातातला घास संपवून ऊठ’.

सीवूड्सची सून: स्टेशनात कशाला जाता, गिरणीत जा. आमच्या कोपऱ्यावर डबे ओळीने लावलेले असतात, झाकणावर खडूने आडनाव, आत चिठ्ठी: ‘जाड, भाकरीचं’. झाली तुमची सेटिंग. एखादा डबा गिरणीवाला पायाने बाजूला सरकवतो, ‘ताई, तुमचं संध्याकाळी.’ तो सस्पेंड. जॉबला दळण म्हणा, सस्पेंडला सरकवणे. आणि दळण अधिक नेटवर्क म्हणजे दळणवळण! आजी म्हणायची, बायका दळायला बसल्या की गावभरच्या बातम्या कळायच्या, त्यावरूनच तो शब्द आला.

चरईकर: आजींचा मान ठेवून सांगतो, जमत नाही. मग ‘वळण’ कुठून आलं? शेवया वळायला बसायच्या?

सीवूड्सची सून: बसायच्याच की!

माणदेशी ऐरोलीकर: क्यूला बारी म्हणा. पंढरपूरला दर्शनबारीच म्हणतात.

आधण: गिरणी धरलीत तर पुढेही चला. जॉबचे दहा-दहा फ्रेमचे तुकडे करून मशीनला देता, त्याला शब्द तयार आहे: वैरण. जात्याच्या तोंडात एका वेळी घालतात ती मूठ.

माणदेशी ऐरोलीकर: वैरण म्हंजे कडबा. ‘मशीनला वैरण घाल’ म्हणून आमच्याकडं सांगा, गडी पेंडी घेऊन येईल.

आधण: कोकणात आधणात तांदूळ वैरतात. तिथे कुठली जनावरं?

रात्रपाळी: मंडळी, सस्पेंड राहिला. त्यात आणखी एक. प्रायॉरिटी 0 ते 100, मोठा आकडा आधी. कागदावर ‘अग्रक्रम 1’ लिहिलं की मुलगा तो जॉब पहिला समजतो, नि तोच आकडा भरला तर मशीन त्याला सगळ्यांच्या मागे ढकलतं.

स्वभाषा: अग्रक्रम 1 म्हणजे पहिलाच. मशीन चुकतंय.

आधण: माणदेशी, पिठल्याला तुमच्याकडे पीठ काय करतात? वैरतातच ना?

सीवूड्सची सून: भाजीवर पेरतात, पिठल्यात वैरतात. आमच्या सासूबाईंपाशी चुकून दाखवा.

माणदेशी ऐरोलीकर: आमच्यात हाटतात.