मदत हवी आहे : कुडाळला वर्षाचं वीजबिल शून्यावर आणणारं घर

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आईबाबा, आम्ही दोघं आणि मुलगी असं पाच जणांचं घर बांधतोय. वर्षभरात जेवढी वीज वापरू तेवढी छपरावरच तयार व्हावी, हा हट्ट. महिन्याला साधारण ३०० युनिट धरलेत. ३ किलोवॅटच्या सौर पॅनेलमध्ये भागेल असं वाटतं, आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेचं (घरच्या छपरावरच्या सौर विजेसाठीची) ७८ हजारांपर्यंतचं अनुदानही तेवढ्यापर्यंतच मिळतं.

घोडं अडलंय ते छपरावर. बाबांना उतरती मंगलोरी कौलंच हवीत (पावसाळा बघता त्यांचं बरोबरच आहे). कंत्राटदार म्हणतो, स्लॅब टाका, पॅनेल बसवणं सोपं. पण स्लॅब तापणार, मग एसी आलाच! दक्षिणेकडच्या उतारावर कौलांमधून हुक काढून पॅनेल कोणी बसवलीत का? गळती? फुटलेलं कौल बदलायला पॅनेल उतरवावी लागतात का? वर माकडं आहेतच.

दुसरं, भिंती चिऱ्याच्या. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते. तिथे पडवी काढावी की पोकळी ठेवून दुहेरी भिंत?

आणि जून ते ऑगस्ट नेट मीटरवर (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा मीटर) कितपत युनिट पडतात? कोकणातल्यांनी आपले आकडे सांगा, घाटावरचे इथे चालत नाहीत.